भुरीच्या घराची वास्तू

ऐंशी सालच्या हिवाळ्यापर्यंत गिरधरभाऊ ढाक्यांनी आयुष्यात फक्त तीन गोष्टी बांधल्या होत्या. पायजम्याची नाडी, जेवणाच्या डब्याचं फडकं आणि लग्नात एकदा डोक्याला बाशिंग. त्यातलं बाशिंगही एका कानावर उतरलं होतं, ते सासऱ्यांनी सरळ करून दिलं. अशा माणसानं एकदम स्लॅबचं पक्कं घर बांधावं आणि त्याच्या वास्तूला असोद्याहून ट्रॉलीभर माणसं आहेर घेऊन यावीत, हे कुणाला खरं वाटणार नाही. नका मानू. जुन्या जळगावात त्या बोळाच्या मागच्या अंगणात जाऊन बघा. अजून पहार लागत नाही त्याला.

सगळं सुरू झालं भुरीपासून. भुरी ही ढाक्यांची मांजर. म्हणजे ढाके तिला आपली म्हणायचे, तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. अंगानं अशी की पत्र्यावरून चालली तर खाली जेवणारे ताटावर हात धरायचे. वर्षातून दोनदा बाळंत व्हायची आणि त्यासाठी घरातली सगळ्यात इभ्रतीची जागा निवडायची. एकदा पापडांचा डबा, एकदा गणपतीचं मखर, आणि मागच्या खेपेला गिरधरभाऊंचा लग्नातला काळा कोट. खुंटीवरून तिनं तो कसा उतरवला कोण जाणे, पण एकेका बाहीतून दोन-दोन पिल्लं निघाली. गिरधरभाऊ एका जिनिंगच्या हापिसात हेडक्लार्क. कोट घालून हापिसात गेले की त्याच्या वासानं उंदीर पळायचे म्हणतात. आता हे जरा जास्तच आहे, पण साहेब नाकाला रुमाल लावायचा एवढं खरं.

"हे बघा," कुंदाबाई म्हणाल्या, "तिचे दिवस भरत आलेत. थंडी अशी पडलीय की तांब्यातलं पाणी दाताला चावतं. मागं अंगणात तिला काहीतरी निवारा करून द्या. वारा लागायला नको, पाऊस लागायला नको. नाहीतर यंदा तुमचा स्वेटर."

स्वेटर कुंदाबाईंनी स्वतः विणला होता. उरलेल्या लोकरीचा, त्यामुळे रंग चार आणि जाडी गादीची.

"त्यात काय?" गिरधरभाऊ म्हणाले. "एक खोकं, वर एक पत्रा. तासाभराचं काम."

कुंदाबाईंनी आधी स्वेटर उचलून पेटीत घातला. नवऱ्यानं तासाभराचं म्हणून काढलेलं काम बाईला वर्षभर पुरतं, हे त्यांना अठरा वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

खोकं आलं. आत ऊब म्हणून, जिथं केळीच्या वॅगनी भरतात तिथून वाळलेली पानं आणून कोंबली. फार छान दिसत होतं. दुपारी घरमालक निंबा आबांची शेळी आली, तिनं पानं खाल्ली, मग खोकं खाल्लं, आणि पत्रा चाटून बघितला. संध्याकाळी निंबा आबा काठी टेकत दारात.

"गिरधर, माझ्या शेळीला तू पुठ्ठा चारला?"

"आबा, मी नाही चारला. तिनं खाल्ला."

"समोर ठेवल्यावर खाणारच ना ती. मुकं जनावर." आणि शेळीच्या पोटासाठी ओवा ढाक्यांच्याच डब्यातून गेला.

दुसऱ्या खेपेला गिरधरभाऊंनी हापिसातून एक रिकामा डांबराचा ड्रम आणला आणि आडवा टाकला. ड्रमाखाली दगड लावायला ते विसरले. बोळाला उतार. भुरी वर बसून नीट निरीक्षण करत होती तेवढ्यात ड्रम निघाला. बोळातून ड्रम खाली आणि भुरी वर, पाय उलटे टाकत, पिठाच्या गिरणीपर्यंत सर्कशीसारखी गेली. गिरणीवाल्यानं दळण थांबवून टाळ्या वाजवल्या. भुरी उतरली, अंग चाटलं आणि त्यानंतर तिनं दोन दिवस गिरधरभाऊंकडे पाहिलंही नाही.

मग शेजार जागा झाला. बोळात कुणाच्या घरी लग्न अडलं, दुखणं अडलं तर माणूस सापडत नाही. पण मांजराच्या घराला अख्खा बोळ मोकळा. शेजारच्या तानुबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "भाऊ, मांजरीला पूर्वेचंच दार लागतं. दक्षिणेला ठेवलंत तर बोका येतो."

"आणि पश्चिमेला?"

"पश्चिमेला आमची मोरी आहे."

"उत्तरेला?"

"उत्तरेला तुम्हाला परवडायचं नाही." म्हणजे काय ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सगळ्यांचं एकावर मात्र एकमत झालं. कच्च्यात अर्थ नाही, पक्कं पाहिजे. दुसऱ्याच्या बांधकामाबद्दल लोकांचं लगेच एकमत होतं. फक्त निंबा आबा अडले.

"माझ्या जागेवर पक्कं? आणि बारा वर्षांनी तुझी मांजर म्हणाली मी कूळ, तर? या वयात मी मांजरीशी कोर्टात भांडू?"

"आबा, मांजर बारा वर्षं जगत नाही."

"तिची पोरं असतील ना! वारस!"

शेवटी असं ठरलं की दर अकरा महिन्यांनी भुरीला एक दिवस बाहेर काढायचं आणि मग नव्यानं आत घ्यायचं. निंबा आबांचं समाधान झालं. भुरीला कुणी विचारलं नाही.

उखर्डू मिस्त्री आला. हा शिंदखेड्याकडचा, बोलण्यात तिकडचा ठसका, आणि कामापेक्षा तोंड मोठं. अंगणात उभा राहून त्यानं आधी विडी ओढली, मग जमिनीवर पाय आपटून पाहिला, जणू काही खालून कुणी ओ देणार आहे.

"भाऊ, पाया खोल लागी."

"अरे मांजरासाठी आहे."

"मांजर शे म्हनीसन काय झायं? उद्या भूकंप उना तर लोक मांजरले नाव ठेवतीन का उखर्डूले? बठ्ठं या उखर्डूवर सोडा. फक्त सिमिट आना."

आणि सिमेंट म्हणजे त्या काळी काय होतं, हे आताच्या पोरांना सांगून पटायचं नाही. एकवेळ जावई चांगला मिळायचा, सिमेंट मिळायचं नाही. परमिट लागायचं. गिरधरभाऊंनी अर्धी रजा टाकली आणि कचेरीत गेले. टेबलामागे एक भाऊसाहेब कानात काडी घालून बसले होते.

"सिमेंट कशासाठी?"

"मांजरासाठी."

भाऊसाहेबांनी काडी काढली. "मांजर हे प्रयोजन नाही. राहतं घर, विहीर, संडास, गोबरगॅस आणि समाधी. यातलं बोला."

"समाधी चालेल?"

"मांजर मेलंय का?"

"नाही हो. बाळंत व्हायचंय."

"मग समाधीत बसत नाही. गोबरगॅस लिहू? गाय आहे?"

"शेळी आहे. तीही घरमालकाची."

"शेळीवर गॅस पेटत नाही." भाऊसाहेब मनापासून हळहळले. "राहतं घर टाकतो. किती माणसांचं कुटुंब?"

गिरधरभाऊंनी मागच्या बाळंतपणाचा हिशेब धरला. आई आणि चार पोरं. "पाच," ते म्हणाले.

आणि असे ते राहत्या घराचं परमिट घेऊन, सायकलच्या मागं सिमेंटची गोणी बांधून, हँडल धरून घामाघूम चालत निघाले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. फार तर मूर्खपणा होता, आणि तो कुणाचं घर उठवत नाही. पण बाजाराच्या तोंडाशी समोरून केळीची ट्रॉली आली आणि ट्रॅक्टरवर झुलाल.

झुलाल म्हणजे कुंदाबाईंचा थोरला भाऊ. असोद्याला केळीचे मळे, मिशा मळ्याहून मोठ्या. त्यानं तिथं स्लॅबचं घर बांधलं होतं, कपाळावर साल कोरलेलं आणि गच्चीवर सिमेंटचा सिंह. सिंह मांजरासारखा दिसायचा, पण बोलणार कोण? त्या घरात जावई म्हणून गेलं की हातात पाण्याचा तांब्या यायच्या आधी झुलाल विचारायचा, "काय पाव्हणे, घराचं काय?" दिवाळीला विचारायचा, आखाजीला विचारायचा, लग्नात पंगतीत वाढताना विचारायचा, एकदा तर मयताला आलेल्या माणसांत खांदा देता देता विचारलं. अठरा वर्षं! आणि अठरा वर्षं गिरधरभाऊ म्हणत, "बघू, प्लॉट बघतोय." वर सासूबाई धुरपदाबाई उंबऱ्याआड बसून सगळं ऐकायच्या. त्या जावयाशी कधी बोलत नसत. रीतच होती तशी. डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढायच्या आणि काय बोलायचं ते लेकीला नाहीतर खांबाला सांगायच्या. "कुंदे, त्याहिले विचार, चहा घेता का." बस. त्या आपल्याबद्दल मनात काय म्हणत असतील, हे गिरधरभाऊंना कधी कळलं नाही. त्यांनी आपलं धरून ठेवलं होतं की वाईटच म्हणत असतील.

"ओ पाव्हणे!" झुलाल वरून ओरडला. "हे काय, सिमिट?"

एका बाजूला खरं होतं, की मांजराला घर बांधतोय. दुसऱ्या बाजूला झुलालच्या मिशा होत्या. गिरधरभाऊंनी मिशांकडे पाहिलं आणि म्हणाले, "घराचं काम काढलंय."

ट्रॅक्टर बंद झाला. झुलाल ट्रॅक्टर फक्त डिझेल संपल्यावर बंद करायचा.

"सोताच्या घराचं?"

"मग काय भाड्याच्या घराला सिमेंट लावू?"

"स्लॅब?"

"स्लॅबच. पत्र्यात काही राम नाही."

"किती खोल्या?"

पहिलं खोटं बोलायला जड जातं. पुढची आपोआप निघतात, भुरीच्या पिल्लांसारखी. "तीन," गिरधरभाऊ म्हणाले. "पुढं ओटा. जिनाही काढून ठेवतोय, पुढंमागं माडी चढवायची तर."

"अन् आमाले सांगलं बी नही!" झुलालनं खाली उडी मारून त्यांना मिठी मारली. सिमेंट दोघांच्या अंगाला लागलं. "वास्तू कधी?"

"येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. साधीच करणार आहे."

"मायले आजच सांगतो!"

गिरधरभाऊ घरी आले ते तरंगत. अठरा वर्षांत पहिल्यांदा झुलाल त्यांच्याकडे खालून वर पाहत होता. पायरीवर सायकल लावताना मात्र त्यांनी वास्तूपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले, आणि पुन्हा मोजले. कुंदाबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "सिमेंट जड होतं."

तिकडे उखर्डूचं काम रंगलं. आधी जोतं आलं. मग विटा आल्या. मग सेंट्रिंग लागलं. एवढंएवढं, बाहुलीच्या लग्नाच्या मांडवासारखं. दाराला त्यानं कमान काढली, कमानीवर छज्जा, मागच्या भिंतीत वाऱ्यासाठी झरोका. गिलावा असा घोटला की तानुबाई त्यात बघून कुंकू लावायच्या. बोळातली माणसं हापिसाला जाता-येता काम बघायला थांबायची आणि प्रत्येक जण भिंतीवर एक थाप मारून "माल चांगला लावलाय" म्हणायचा.

"दार लहान नाही ना झालं?" गिरधरभाऊंनी विचारलं.

"लहानच पायजे. ऊब राहस, कुत्रं शिरत नही." उखर्डू आपल्या कामाकडे असा बघत होता, जसा बाप लेकीकडे. "भाऊ, मी धुळ्याले तिमजली काम करेल शे. पन असं काम नही झायं."

घर झालं. फक्त भुरी आत जाईना. ती रोज सकाळी यायची, छज्ज्यावर चढायची, उन्हात पसरायची. दूध ठेवलं तर दाराशी मान लांब करून प्यायची, धड बाहेर ठेवून. पोट तर आता जमिनीला लागत होतं.

आणि रविवार जवळ आला. गिरधरभाऊंनी असोद्याच्या एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला: "वास्तू अगदी घरगुती आहे, येण्याची तसदी घेऊ नये." त्यांना वाटलं, सुटलो. माणूस जळगावात राहून एवढा अडाणी कसा असू शकतो! ज्याला खरंच कुणी यायला नको असतं तो निरोपच पाठवत नाही. आणि "येऊ नका" असा निरोप आला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. पाव्हणा घराच्या खर्चानं दबला आहे, पंगत घालायची ऐपत राहिली नाही, तेव्हा शिधा आपण घेऊन जायचा. असोद्याला त्या संध्याकाळीच भरताची वांगी तोडायला माणसं मळ्यात गेली.

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. मार्गेसरात आभाळ! गार वारं सुटलेलं. भुरी अंगणात फेऱ्या मारत होती आणि मधूनच स्वयंपाकघराकडे बघत होती. कुंदाबाईंनी पापडांचा डबा कपाटावर चढवला.

"आज होणार बघा ती. तुमचं घर काय कामाचं?"

हे लागलं. गिरधरभाऊंनी स्वेटर घातला, दुधाची वाटी घेतली आणि अंगणात गेले. ते म्हणाले, "तिला कळत नाहीय आत किती जागा आहे. करून दाखवलं पाहिजे." आता मांजराला घरात कसं शिरायचं हे माणसानं दाखवावं! पण हेडक्लार्क माणूस, दुसऱ्याला काम समजावून सांगायची सवय. ते ओणवे झाले, वाटी पुढं धरून दोन्ही हात आत घातले, मग डोकं, मग खांदे. हात लांब होते तोवर सगळं सुरळीत गेलं. कमरेपर्यंत आत. "ये भुरे, ये," आतून असा घुमून आवाज आला, जसा आडातून. भुरी आली, त्यांच्या पाठीवर चढली आणि बसली.

मग गिरधरभाऊंनी मागं यायला सुरुवात केली आणि स्वेटर काखेत गोळा झाला. कुंदाबाईंची गादीसारखी लोकर आणि उखर्डूची कमान, दोन्ही पक्क्या कामाच्या. ना पुढं, ना मागं.

"अगं ए!" आतून आवाज.

कुंदाबाई धावल्या. पाय धरून ओढले. चप्पल निघाली. दुसऱ्यांदा ओढले, दुसरी चप्पल निघाली. त्यापुढं काय निघेल या भीतीनं त्या थांबल्या. आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी डफ वाजला.

ट्रॅक्टर. मागं ट्रॉली. ट्रॉलीत माणसं, बाया, वांग्यांची पोती, भाजायला तुरीच्या काड्यांचे भारे, भरीत कुटायची लाकडी बडगी, तेलाचा डबा, आणि मधोमध लाल फडक्याखाली आहेराची तांब्या-पितळेची भांडी. पुढं झुलाल, फेटा बांधून. कुंदाबाई अंगणाच्या दारात उभ्या. त्यांना अजून यातलं काही ठाऊक नव्हतं.

"दादा, तू? काय निघालं अचानक?"

"अचानक काय? वास्तूले आलो! घर कोठी आहे?"

"कोणतं घर?"

झुलालनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्याला अंगणात ते घर दिसलं. छज्जा, कमान, झरोका, आणि दारातून बाहेर आलेला पायजमा. पायजम्यावर मांजर. डफवाल्यानं डफ थांबवला. अशी शांतता पडली की आतल्या दुधाच्या वाटीचा आवाज आला.

"हे पाय..." झुलाल म्हणाला.

"तुझ्या पाव्हण्यांचे आहेत," कुंदाबाई म्हणाल्या. अठरा वर्षांत त्या कधी एवढ्या सपाट आवाजात बोलल्या नव्हत्या.

झुलालच्या मिशा हलायला लागल्या. आधी उजवी, मग डावी. पण हसू पूर्ण बाहेर पडायच्या आत आभाळच फुटलं. ताडताड सरी! माणसं उठली ती ढाक्यांच्या दोन खोल्यांत घुसली, उरलेली ट्रॉलीखाली, निंबा आबांच्या गोठ्यात, तानुबाईंच्या ओट्यावर. भुरी कुठं गेली कुणी पाहिलं नाही. अंगणात उरले एकटे गिरधरभाऊ, कारण त्यांना उठता येत नव्हतं.

आणि मग पावसात एक छत्री आली. धुरपदाबाई. साठीची बाई, नऊवारीचा ओचा वर खोचलेला. त्यांनी जावयाच्या पायांवर छत्री धरली. सवयीनं दुसरा हात डोईकडे गेला, पदर ओढायला. मग थांबला. जावयाचं तोंड कुठं होतं इथं? तोंड भिंतीआड. मग रीत कशाला मोडते? पायांशी बोलू नये असं कुणी सांगितलेलं नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा धुरपदाबाईंनी जावयाला सरळ हाक मारली.

"जवाईबुवा."

आत गिरधरभाऊ दचकले. डोकं स्लॅबला लागलं. "कोण?"

"मी कुंदीची माय."

आतून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग घुमत आलं, "आई, घर नाहीये. मी झुलालला खोटं सांगितलं. हे मांजराचं आहे."

"ते दिसतं माले. मी काय आंधयी हाये?"

"तीन खोल्या नाहीत. जिना नाही."

"जिना राहू द्या. माले एक सांगा." धुरपदाबाई खाली वाकल्या. "आत कोरडं हाये का?"

"काय?"

"पानी गयते का वरून? छताले हात लावून पाहा."

आत हात फिरल्याचा आवाज आला. "नाही आई. थेंब नाही. कोपरे पण कोरडे आहेत. वारा पण लागत नाही. उलट गरम होतंय."

"ठनठनीत?"

"ठणठणीत."

धुरपदाबाई सरळ झाल्या. ट्रॉलीखालून झुलाल निघाला होता, पावसानं हसू जरा भिजलं होतं पण विझलं नव्हतं. "काय पाव्हणे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "घर मोठं बांधलं हो! पाय बाहेर ठेवा लागते का झोपताना?"

खोल्यांतून, गोठ्यातून माणसं खदाखदा हसली. आत गिरधरभाऊंनी डोळे मिटून घेतले. जमलं असतं तर पायही आत ओढून घेतले असते. मोकळे होते ते तेवढेच, आणि तेच सगळ्यांसमोर होते.

"झुलाल," धुरपदाबाई म्हणाल्या, "हसून झालं? आता सांग सगळ्याहिले, पावसायात तुही माय कोठी झोपते?"

झुलालनं मिशांवरचं पाणी पुसलं.

"मी सांगते. तुह्या त्या सिंहाच्या बरोबर खाली. अन् खाटीवर छत्री बांधून झोपते. ओट्यावर घमेलं, देवघरात पातेलं, चुलीपाशी परात. चार साल झाले, मी बोलली का कोनाले? इज्जत माही बी हाये. या मानसानं मांजरीले छत केलं ते गयत नाही. तू मायले केलं ते गयते. आता हास."

कुणी हसलं नाही. डफवाल्यानं चुकून एक टिपरी मारली आणि तो स्वतःच ओशाळला.

पाऊस ओसरला तसा उखर्डूला बोलावलं, की बाबा कमान फोड. तो आला, सगळी मंडळी बघून छाती फुगली, पण फोडायला तयार होईना. "मी बांधस, तोडत नही." झुलालनं स्वतः हातोडा घेतला. हातोड्याचा दांडा तुटला, कमानीला ओरखडा नाही. झुलाल बराच वेळ त्या कमानीकडे बघत राहिला. शेवटी पुऱ्यांसाठी आणलेलं तेल झरोक्यातून आत ओतलं. तीन माणसांनी पाय धरले, धुरपदाबाई म्हणाल्या "हं," आणि गिरधरभाऊ निघाले. केळीच्या सालीतून केळं निघतं तसे, सदऱ्यासकट. स्वेटर मात्र आतच राहिला.

ते उभे राहिले. कमरेच्या वर कोरडे, तेलकट. कमरेखाली चिंब. समोर सासूबाई. पदर नाकापर्यंत. चुकून कधी बोलल्याच नव्हत्या अशा.

मग वांगी भाजली गेली, बडग्या घुमल्या, बोळभर भरताचा वास सुटला. आलेलं माणूस उपाशी कसं जाणार? निंबा आबांनी सगळ्यात जास्त खाल्लं, जागा त्यांची होती म्हणून. आणि पंगत बसलेली असतानाच तानुबाई भिंतीवरून ओरडल्या, "अहो ढाके! आत बघा!"

भुरी आत होती. स्वेटरवर. मांजर म्हणे तेलाला शिवत नाही. पण उबदार, चार रंगांची, नुकतीच माणसाच्या अंगातून निघालेली लोकर तिला कुठं मिळणार होती? चार पिल्लं, एकेका रंगावर एकेक. आई धरून पाच. परमिटात लिहिलं होतं तेवढीच. सरकारी कागद आजवर एवढा खरा निघाला नव्हता.

"सांगितलं होतं, यंदा स्वेटर," कुंदाबाई म्हणाल्या. पाव्हणे आल्यापासून नवऱ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

आहेराचं काय करायचं, हा प्रश्न उरला. वास्तूला नेलेला आहेर परत घरी नेत नाहीत. धुरपदाबाईंनी खांबाकडे तोंड केलं. "कुंदे, त्याहिले सांग, भांडे ठेवून जाते. मोठे हायेत, दोन खोल्यांत मावाचे नाही. आडवे येतीन, ठेचा लागतीन. लागू दे. घर झाल्यावर मावतीन." आणि त्यांनी एक खणाचा तुकडा काढला, कमानीवर हळदकुंकू लावलं आणि तो खण भुरीच्या अंगावर पांघरला. घराची मालकीण तीच होती.

ती भांडी पुढं किती वर्षं ढाक्यांच्या पायात येत होती, त्याची गोष्ट वेगळी. उखर्डू मात्र पुढच्याच उन्हाळ्यात असोद्याला गेला, झुलालचा स्लॅब नीट करायला. सिंहाच्या खालचं तेवढं त्याला जमलं नाही. म्हणाला, सिंहानं दाब धरला आहे.

श्रावणात कानबाईच्या सणाला लेकी-जावई असोद्याला जमले. बाहेर पाऊस. झुलाल पाण्याचा तांब्या घेऊन आला, गिरधरभाऊंसमोर उभा राहिला, सवयीनं तोंड उघडलं.

"काय पाव्हणे, घरा..."

वरून एक थेंब पडला, बरोबर तांब्यात. दोघांनी वर बघितलं. उंबऱ्याआडून बांगड्या वाजल्या.

"पानी घ्या," झुलाल म्हणाला.

गिरधरभाऊंनी तांब्या घेतला, शांतपणे प्यायले, मिशा नव्हत्या तरी पुसल्या आणि म्हणाले, "आमच्याकडे गळत नाही. मी आत राहून बघितलंय."